कुलूप घरात, चावी शेजारी

नागपुरात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्या मॅडमच्या घरात कुलपं चिक्कार होती आणि चावी एकही नव्हती. लोखंडी कपाटाला कुलूप, कपबशांच्या शोकेसला कुलूप, गच्चीच्या दाराला कुलूप, आणि जास्तीची कुलपं ज्या पेटीत ठेवलेली त्या पेटीलाही कुलूप. चाव्या मात्र हुडकेश्वरच्या त्या ले-आऊटभर, म्हणजे अख्ख्या वसाहतीत, वाटलेल्या. कपाटाची भाजीवालीकडे, शोकेसची शिंप्याकडे, गच्चीची पीठगिरणीवर. मॅडमना लग्नाला जायचं असलं की त्या आधी घरातल्या साडीवर भाजीवालीकडे जायच्या, चावी आणायच्या, ठेवणीतली साडी काढायच्या, कुलूप लावायच्या, चावी परत नेऊन द्यायच्या आणि मग कुठं तयारीला लागायच्या. तोवर तिकडे अक्षता पडून पंगत बसलेली असायची.

मी सांगलीची. धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून मॅडमची वरची खोली घेतली. मी राहायला गेले त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे आले, आणि नेमका शिंपी मेव्हण्याच्या लग्नाला कामठीला गेलेला. काचेआड डझनभर कपबशा मांडलेल्या दिसत होत्या आणि त्यांच्याकडे बघत बघत पाहुणे स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत होते. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. पाहुणे गेल्यावर मी न राहवून विचारलं, तर त्या माझ्याकडे ढ मुलीकडे बघावं तशा बघायला लागल्या.

“ज्या घरात कुलूप त्याच घरात चावी, तर ते कुलूप काहून म्हणायचं वं? नुसतं लोखंड झालं ते.”

“पण मॅडम, उद्या भाजीवालीनंच कपाट उघडलं तर?”

“ज्याच्याजवळ चावी असते तो चोरी करत नाही, पोरी. अन् दुसऱ्यालेही करू देत नाही. पहिलं नाव त्याचंच येते ना!”

मी कानाला खडा लावला.

मॅडम मूळच्या विणकरांच्या घरातल्या. वडील मागावर बसायचे, आई सुताच्या कांड्या भरून द्यायची. घरदार बाजाराला निघालं की आपली चावी समोरच्या घरी द्यायची, समोरच्यांनी त्यांची इकडे द्यायची, अशी त्यांच्या गल्लीची रीत. पुढं माग बंद पडले, भाऊ कुठंकुठं नोकरीला लागले, मॅडम शाळेत गणित शिकवायला लागल्या. लग्न केलं नाही. गल्ली सुटली, पण रीत त्यांनी सोडली नाही, उलट वाढवली.

अंगानं लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, साडीखाली बारा महिने कॅनव्हासचे बूट. रस्त्यानं चालताना कुठलाही आकडा दिसला की त्याला कशानं भाग जातो ते पाहिल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नसे. माझ्या स्कूटरवर मागं बसल्या की समोरच्या गाड्यांचे नंबर फोडत बसायच्या. “ह्या गाडीले तेरानं भाग जाते. चांगली गाडी आहे.” ज्या गाडीला कशानंच भाग जायचा नाही तिच्याजवळून स्कूटर नेऊ द्यायच्या नाहीत. माझ्या स्कूटरचा नंबर त्यांनी खोली द्यायच्या आधीच पाहून घेतला होता, हे मला फार नंतर कळलं. मला खोली मिळाली ती त्याला सातानं भाग जात होता म्हणून.

मायाळू होत्या, पण ती माया कळायला वेळ लागे. मला ताप आला तेव्हा सकाळ-संध्याकाळ वर येऊन थर्मामीटर लावायच्या आणि आकडा पाहून म्हणायच्या, “कालच्यापेक्षा कमी आहे, म्हणजे मरत नाही.” आणि मागं मुगाची खिचडी ठेवून जायच्या.

अशा बाईचा कॉम्प्युटर बंद पडला.

कॉम्प्युटरची त्यांना धास्ती नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो हौसेनं घेतला होता. मे महिन्यात साऱ्या नागपूरचे कूलर आणि एसी एकदम चालू होतात आणि वीज दिवसभर नाचत असते. अशाच एका दुपारी तो बसला. दुरुस्तीवाल्यानं आतला मुख्य भाग जळाला म्हणून बदलून आणला, बटण दाबलं, आणि पडदा निळाशार झाला. त्यावर अठ्ठेचाळीस अंक भरायला जागा. सहा-सहा अंकांचे आठ गट.

डिस्कवर कुलूप होतं. आतला भाग बदलला की अशा डिस्कला वाटतं आपण चोराच्या घरी आलो. मग ते अंक भरल्याशिवाय ती तोंड उघडत नाही.

“आकडे नसले तर फॉर्मॅट मारून देतो मॅडम,” दुरुस्तीवाला म्हणाला. “एकदम नवा कोरा होऊन जाईल.”

“माझी आई आहे त्याच्यात,” मॅडम म्हणाल्या.

मग मला कळलं ते असं. मॅडमच्या आईला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांचं बोलणं मॅडमनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. लहानपण, माग, सासू, सगळं. ते फक्त या डिस्कवर होतं. दुसरीकडे कुठंही नाही, कारण “आपलं सामान दुसऱ्याच्या घरी काहून ठेवायचं?” चावी दुसऱ्याकडे, सामान आपल्याकडे. तत्त्वात कुठं फट नव्हती.

“मग ते आकडे कुठं ठेवलेत मॅडम?” मी विचारलं.

“ठेवले कशाले? वाटले.”

“वाटले?”

“आठ जणायले. एकेकाले एक. पाठ करा म्हटलं. कोणाचा कितवा, तेवढं माझ्या डोक्यात आहे.”

दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं आपली स्क्रूड्रायव्हरची पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही वसुलीला निघालो. भाजीवालीला तिचा आकडा अगदी तोंडपाठ होता. तिनं तो आपल्या नातीला झोपवताना म्हणून म्हणून घोटला होता आणि ती नातही आता तो म्हणायची. पीठगिरणीवाल्यानं भिंतीवर, देवाच्या फोटोखाली लिहून ठेवलेला. रोज त्यालाही उदबत्ती लागत होती. शिंप्याकडे मात्र घोटाळा झाला. त्यानं शिलाई मशीनच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं आणि कापड सरकून सरकून मधला एक अंक पुसला गेला होता. तीन, आठ, मग काही नाही, मग एक, पाच, सहा.

शिंपी रडवेला झाला. “मॅडम, आठवूनच नाही राहिलं.”

“गप बस गा,” मॅडम म्हणाल्या आणि उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागल्या. “वाटायच्या आधी मी पाहून घेतलं होतं. आठही आकड्यांले अकरानं भाग जाते. एकाआड एक घ्या. तीन अन् पाच आठ. इकडे आठ, एक, सहा, पंधरा. आठाचे पंधरा व्हायले सात पाहिजे. सात लिही.”

शिंप्यानं सात लिहिला आणि मॅडमना नमस्कार केला. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की उरलेले सगळे आकडे असेच चुटकीसरशी मिळणार, असं मी धरून चालले.

खापा या गावचा आकडा असा मिळाला. शाळेतले एक निवृत्त शिपाई तिथं राहायला गेले होते. फोन केला तर म्हणाले, “फोनवर नाही सांगत मॅडम. तुम्हीच तर म्हटलं होतं, समोरासमोरच सांगायचं.” झालं. डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून आम्ही सावनेरच्या रस्त्यानं स्कूटर काढली. कन्हान नदीच्या बाजूनं येणारा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा होता. शिपाईकाकांनी आपला आकडा दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतला होता. मध्यंतरी घरांवर क्रमांक टाकत नगरपालिकेचा माणूस आला, त्यानं चौकटीवरचा आकडा पाहिला आणि या घराचं काम झालंय असं समजून तो पुढं गेला. तेव्हापासून त्या घराची नगरपालिकेत नोंद नाही. काका त्यासाठी हेलपाटे घालून घालून दमले होते, पण आकडा त्यांनी पुसला नव्हता.

“काहून नाही पुसला?” मॅडमनी विचारलं.

“तुम्ही ठेवाले दिला होता ना मॅडम.”

परतताना पुढून गेलेला एक अख्खा ट्रक मॅडमनी न भागता सोडून दिला.

असे सात आकडे जमले. मी निळ्या पडद्यासमोर बसले. “हं, पहिला कोणाचा?”

मॅडम कूलरची जाळी पुसायला लागल्या.

“मॅडम, पहिला कोणाकडे दिला होता?”

“समोर,” त्या म्हणाल्या.

समोर म्हणजे दहा पावलांवरचं घर. तिथं मराठीच्या बाई राहायच्या. मॅडमच्याच शाळेत त्या मराठी शिकवत होत्या, प्लॉटही दोघींनी मिळून घेतले होते. मी आल्यापासून त्या दोघींना एकमेकींशी बोलताना पाहिलं नव्हतं. एक अंगणात आली की दुसरी आत जायची. काखेत कळसा आणि आम्ही खाप्यापर्यंत वळसा घालून आलो होतो!

“मग जाते मी, विचारून येते.”

“काही गरज नाही. अकरानं भाग जाणारे सहा अंकी आकडे किती असतात? नव्वद हजारच्या वर काही नाही. एकेक टाकून पाहीन. दिवसाले दोनशे झाले तरी सव्वा वर्षात सापडते.”

मला वाटलं गंमत करताहेत. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, आणि परत आले तेव्हाही तिथंच. पहिला गट बदलायचा, पुढचे सात पुन्हा भरायचे, चूक म्हटलं की पुन्हा सुरुवात. डोळे लाल, बोटं सुजलेली, जेवणाचं ताट झाकलेलं. आईचा आवाज ऐकायला सव्वा वर्ष कळफलक बडवायची तयारी होती, पण दहा पावलं चालायची नव्हती. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. असं तीन-चार दिवस चालल्यावर मी त्यांना न सांगता समोर गेले.

मराठीच्या बाई ओट्यावर वाळवण राखत बसल्या होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्यांना बरंचसं माहीत होतं. ले-आऊटमध्ये कुठली गोष्ट लपते?

“आकडा आहे माझ्याजवळ,” त्या म्हणाल्या. “पण तुले नाही सांगणार. राग नको मानू. ‘माझ्याशिवाय कोणाले सांगू नको,’ असं म्हटलं होतं तिनं. आता ती माझ्याशी बोलत नाही म्हणून मी तिचं ऐकू नये काय?”

“पण तुमचं भांडण झालं तरी कशावरून?”

त्यांनी पापडावरचं फडकं सारखं केलं. मग सांगितलं.

मॅडमचे वडील एकदा फार आजारी होते तेव्हा आईनं स्वतः मागावर बसून एक लुगडं विणलं होतं. जांभळं, करवतकाठी. एरवी आई फक्त कांड्या भरायची, आयुष्यात तिच्या हातचं तेवढं एकच. ते मॅडमच्या कपाटात होतं आणि त्या कपाटाची चावी तेव्हा मराठीच्या बाईंकडे होती. मॅडम नात्यातल्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या, त्या दिवशी भर दुपारी आई गेली. जवळ होत्या त्या मराठीच्या बाई. त्यांनी कपाट उघडलं, ते लुगडं काढलं आणि आईला नेसवलं. मॅडम उमरेडहून धावत आल्या तेव्हा आई ते नेसून निजली होती, आणि तासाभरात त्याच्यासकट चितेवर गेली.

“मले म्हणे, चावी ठेवाले दिली होती, उघडाले नाही,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं, आईनंच सांगतलं होतं मले, हेच नेसव म्हणून. तर म्हणते, सिद्ध कर. आता मेलेल्या माणसाचं बोलणं कसं सिद्ध करू वं? चावी घेऊन गेली परत. आकडा तेवढा नेता नाही आला.”

“पण आईंचं बोलणं रेकॉर्ड केलंय ना? त्यात नसेल?”

“असेल नाहीतर नसेल. तिनं ते ऐकलंच नाही आई गेल्यापासून. प्रश्न सारे मी विचारले होते ना. ही विचारे ते तोंडी परीक्षा घेतल्यासारखं, म्हणून म्हातारी माझ्याशीच बोले. आईचं एक वाक्य ऐकायचं तर आधी माझा आवाज ऐका लागते.”

मी परत आले तेव्हा मॅडम अजून अंक भरत होत्या. मी त्यांच्यामागं उभी राहून सांगून टाकलं की मी समोर जाऊन आले. आता तुटून पडणार म्हणून अंग चोरून घेतलं. पण मी बाईंचं ते वाक्य सांगितलं, बोलत नाही म्हणून मी तिचं ऐकू नये काय, आणि मॅडमचे हात कळफलकावरून खाली आले.

“असं म्हटलं तिनं?”

“हो.”

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी उठून तोंड धुतलं, केस बांधले, बुटाच्या नाड्या बांधल्या. दारात थोडा वेळ थांबल्या. मग गेल्या. मी खिडकीतून बघत होते, लाज सोडून.

“आहेस काय वं घरी?” फाटकाबाहेरून मॅडम.

“दिसून नाही राहिली काय?” ओट्यावरून बाई.

“आकडा पाहिजे.”

“बरं.”

“सांग मग.”

“रस्त्यावर सांगू काय? चल.” बाईंनी वाळवणावर फडकं टाकलं, चपला घातल्या आणि त्या मॅडमच्या पुढं चालत आमच्या घरात आल्या. खुर्चीवर बसल्या. “तोंड तिकडं करा दोघीही.”

मॅडमनी मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच कॉम्प्युटरसाठी. मीही केलं. सहा टकटक ऐकू आल्या. पुढचे सात मॅडमनी भरले, आणि निळा पडदा गेला. आत सगळं जागच्या जागी होतं. मी आधी त्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. त्याला दोघींपैकी कोणीही हरकत घेतली नाही.

मग त्या ऐकायला बसल्या. दोन खुर्च्या, मध्ये एक रिकामी जागा. आधी मराठीच्या बाईंचा आवाज यायचा, आतापेक्षा थोडा तरणा, “मग काय झालं आई?” आणि मग म्हातारीचा, खरखरीत, हसरा. सुताला खळ कशी लावायची. सासूची नजर चुकवून पाहिलेला सिनेमा. नवरा तापानं फणफणलेला असताना मागावर बसून विणलेलं लुगडं, आणि ते विणताना चुकलेला एक धागा, जो तिच्याशिवाय कोणाला कधी दिसला नाही. लुगड्याची गोष्ट आली तेव्हा आम्ही तिघीही हललो नाही. पण म्हातारी पुढं भलत्याच विषयावर गेली. मॅडमनी एकही फाईल मध्ये सोडली नाही. मी पन्हं केलं, ते तसंच राहिलं. ऊन कलत आलं. शेवटच्या फाईलमध्ये म्हातारी म्हणाली, “बंद कर वं आता ते. घसा सुकला माझा.” आणि आवाज थांबला.

कूलर तेवढा घरघरत होता.

“यात तर नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“कुठंच नाही सांगतलं आईनं.”

“हे बंद केल्यावर सांगतलं. पाणी पाजत होती मी तिले, तवा.”

झालं, म्हटलं, आता पुन्हा चार-पाच वर्षं. दूधवाल्याला पाण्याचा हिशेब मागणाऱ्या या मॅडम, यांना साक्ष नाही, पुरावा नाही, आणि होता तो एवढाच डबा, तोही रिकामा निघाला. मॅडमनी आपली खुर्ची पडद्याकडून बाईंकडे वळवली.

“एकटीनंच नेसवलं काय वं तू?” त्यांनी विचारलं.

“एकटीनंच. ऊन होतं, बायका यायच्या होत्या अजून. नऊवारी ते, अन् ती अशी... एका अंगावर धरून नेसवा लागलं. काठ सरळ येऊन नव्हता राहिला. दोनदा सोडलं.”

“सरळ होता काठ,” मॅडम म्हणाल्या. “मी पाहिला होता.”

मग चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. मी उठायला लागले तशी मराठीच्या बाईंनी मला हात धरून खाली बसवलं आणि त्या स्वतः आत गेल्या.